नाव आणि पाटी

आमच्या क्लासची खोली उल्हासनगरला, कॅम्प ४ मधल्या एका बॅरकीत होती. मूळची बॅरक लांबलचक. तिच्यात भिंती घालून कुणी घर केलेलं, कुणी शिलाईची मशिनं मांडलेली, आणि अशाच एका तुकड्यात सहा संगणक, एक पंखा आणि आम्ही अकरा जण. साल २००१. मी बदलापूरहून सकाळची लोकल धरायचे आणि विठ्ठलवाडीला उतरून चालत जायचे. शिकायचं होतं व्हिज्युअल बेसिक सिक्स.

पहिल्या दिवशी सरांनी बटण शिकवलं. पडद्याच्या डाव्या बाजूला एक पेटी असायची. तिच्यातल्या बटणाच्या चित्रावर दोनदा टिचकी मारली की फॉर्मच्या मधोमध एक राखाडी बटण उमटायचं आणि त्यावर लिहिलेलं असायचं, कमांड१. उजवीकडे त्याच्या गुणधर्मांची यादी. यादीत सगळ्यात वर, कंसात, नेम: कमांड१. खाली कॅप्शन: तेही कमांड१. मी विचारलं, एकच गोष्ट दोनदा कशाला?

सर म्हणाले, “कॅप्शन ही दारावरची पाटी. येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचायची. नेम हे घरातलं नाव. त्या नावानं प्रोग्राम त्याला हाक मारतो. जन्मताना दोन्ही सारखी असतात, पण पाटी बदलली म्हणून नाव बदलत नाही आणि नाव बदललं म्हणून पाटी बदलत नाही. दोन्ही आपणच द्यायची असतात. नाही दिली तर आकडा आहेच.”

त्या दिवशी स्टेशनाकडे परतताना मी पाट्या वाचत गेले. उल्हासनगरात लहानपणापासून कपडे घ्यायला येत होते, पण तिथले पत्ते असे कधी वाचले नव्हते. कॅम्प नंबर, बॅरक नंबर, रूम नंबर, सेक्शन. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैनिकांसाठी ही छावणी उभारली गेली. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली माणसं इथं आणून उतरवली, लाखाच्या घरात. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. ते गावाचं झालं. गावाच्या आतले पत्ते मात्र छावणीचेच राहिले. मागं ज्याच्या घराला गल्लीचं, बाजाराचं, आजोबांचं नाव होतं, त्याला इथं बॅरकीचा आकडा मिळाला. तो आकडा कुणी त्याचा विचार करून दिलेला नव्हता. सैन्याला मोजदादीसाठी हवा होता, तो पुढं तसाच चालू राहिला. कमांड१, कमांड२ हे असेच असतात. यंत्राला मोजायला सोपे म्हणून दिलेले, आणि कुणाला बदलायची सवड न झाल्यानं राहून गेलेले.

तरी एक गोष्ट मला तेव्हाही जाणवली होती. सतरा सेक्शन म्हटलं की तिथल्या रिक्षावाल्याला सतरा हा आकडा ऐकूच येत नाही. त्याला चौक दिसतो, गर्दी दिसते. पन्नास वर्षं माणसं त्या आकड्यात राहिली, लग्नं झाली, दुकानं निघाली, आणि आकड्याचं नाव झालं. आकडा नाव होऊ शकतो. पण त्यासाठी तिथं इतका काळ राहणारं कुणी तरी लागतं.

माझ्या गावाची पाटीही सरळ नाही. स्टेशनवर लिहिलंय बदलापूर. स्टेशन उभं आहे ते कुळगावात, आणि जुनं बदलापूर गाव तिथून पश्चिमेला. नगरपरिषदेनं दोन्ही नावं जोडून घेतली, कुळगाव-बदलापूर. पूर्वी इथं घोडे बदलायचे म्हणून बदलापूर, असं थोरली माणसं सांगतात. घोडे गेले. नाव आहे.

क्लास संपल्यावर पहिलं काम मिळालं ते कॅम्प ५ मध्ये. जीन्सचं जॉबवर्क करणारा छोटा कारखाना. शेठ वयानं मोठे, बोलायला मऊ. म्हणाले, “बेटी, कारीगर लोगों का हफ्ते का हिसाब मशीन से निकाल दे.” मी एक मोठा फॉर्म केला. लॉट नंबर, दिलेले पीस, आलेले पीस, रिजेक्ट, दर, ओव्हरलॉकचे वेगळे, या हप्त्यात कापायची उचल, एकूण बाकी उचल. प्रत्येक चौकटीशेजारी स्वच्छ लेबल लावलं. रंग नीट निवडले. चौकटींची नावं मात्र यंत्रानं दिली तीच ठेवली, टेक्स्ट१ ते टेक्स्ट४७. कुणाला दिसतात ती? कुठली चौकट कुठली, हे मला पाठ होतं.

या हप्त्यात कापायची उचल टेक्स्ट१४ मध्ये होती. बाकी उचल टेक्स्ट४१ मध्ये. शुक्रवारी रात्री एक बदल करताना मी वजाबाकीत १४ च्या जागी ४१ लिहिलं.

शनिवारी पगाराच्या चिठ्ठ्या निघाल्या. बहुतेकांची बाकी थोडी होती, त्यामुळे फरक कुणाच्या ध्यानात आला नाही. एका कटिंगच्या कारागिरानं पावसाआधी गावचं घर शाकारायला मोठी उचल घेतली होती. दर शनिवारी थोडी थोडी कापायची असं ठरलेलं. यंत्रानं एकाच शनिवारी सगळी कापली. त्याच्या चिठ्ठीवर देणं शून्याच्याही खाली गेलं. मी तिथंच टेबलाशी बसले होते. तो चिठ्ठी हातात धरून उभा राहिला. मला वाटलं आता भांडेल. तो म्हणाला, “दीदी, मशीन ने काटा है तो ठीक ही काटा होगा.” आणि चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवून गेला.

हातानं लिहिलेली वही असती तर त्यानं बोट ठेवून विचारलं असतं. छापून आलेल्या आकड्याशी तो भांडला नाही. सोमवारी मला चूक सापडली, शेठनी त्याला पैसे दिले, माझ्यावर रागावलेही नाहीत. पण मधला रविवार त्याच्या घरात कसा गेला असेल, हे मी पुढं कित्येक वर्षं मनात आणत राहिले. १४ आणि ४१. डोळ्यांना जवळजवळ एकच. त्या आकड्यांत उचल नव्हती, हप्ता नव्हता, माणूस नव्हता, म्हणून माझी बोटं अडखळली नाहीत. “हप्ता” लिहायच्या जागी “बाकी” लिहिताना हात थबकला असता.

त्या आठवड्यात मी सत्तेचाळीसही चौकटींना नावं दिली. आधी टीएक्सटी, मग मराठी शब्द रोमन लिपीत: टीएक्सटी-उचल-हप्ता, टीएक्सटी-उचल-बाकी. बटणांना सीएमडी, लेबलांना एलबीएल. ही पद्धत क्लासमध्ये शिकवली होती, मी वरवर ऐकली होती. तिला हंगेरियन म्हणतात. बुडापेस्टमध्ये १९४८ साली जन्मलेले चार्ल्स सिमोनी पुढं मायक्रोसॉफ्टमध्ये आले आणि त्यांच्याबरोबर ही रीत आली. हंगेरीत आडनाव आधी लिहितात, नाव मागून. आपल्या शाळेच्या हजेरीपटावर लिहितात तसंच.

पण सिमोनींचं म्हणणं अर्ध्यावरच घेतलं गेलं, हे मला फार उशिरा कळलं. आडनावानं त्यांना सांगायचं होतं की ही वस्तू कशासाठी आहे. ओळीचा आकडा आणि स्तंभाचा आकडा, यंत्राच्या लेखी दोन्ही पूर्णांकच, पण त्यांची बेरीज करणं वेडेपणा. म्हणून एकाला ओळीचं आडनाव, दुसऱ्याला स्तंभाचं. पुढच्या लोकांनी त्यातून फक्त जात उचलली: हा पूर्णांक, ही अक्षरं, ही चौकट, हे बटण. माझी टीएक्सटीही तशीच. सत्तेचाळीस चौकटींना एकच आडनाव, सगळ्या टीएक्सटी. त्यातून मला काय कळणार? कामाचा होता तो पुढचा शब्द, हप्ता की बाकी. दोन्ही रुपयेच, दोन्ही उचलच, पण एक आठवड्याची आणि एक वर्षाची. हे यंत्राला कधी कळणार नव्हतं. ते मलाच नावात लिहून ठेवायला हवं होतं.

नावं बदलताना आणखी एक गोष्ट घडली आणि ती मला अजून आठवते. व्हिज्युअल बेसिकमध्ये बटण दाबल्यावर काय करायचं ते बटणाच्या नावाखाली लिहितात. कमांड१ दाबलं की कमांड१-क्लिक. मी कमांड१ चं नाव बदलून सीएमडी-जतन केलं, प्रोग्राम चालवला, बटण दाबलं. काहीच झालं नाही. चूक नाही, इशारा नाही. शोधलं तर मी लिहिलेला मजकूर होता तसाच होता, फक्त तो आता “जनरल” नावाच्या सामायिक खोलीत जाऊन बसला होता, कमांड१-क्लिक या जुन्याच नावानं. कमांड१ उरलंच नव्हतं. त्यामुळे त्याला आता कुणी हाक मारणार नव्हतं.

मला आईची आठवण आली. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात. आईचं पहिलं नावही बदललं होतं. रेशनकार्डावर, बँकेत, शेजारीपाजारी तिचं सासरचं नाव. माहेरच्या नावानं तिला हाक मारणारा एकच उरला होता, माझा मामा. तो वर्षातून एकदा भाऊबीजेला यायचा आणि दारातूनच त्या जुन्या नावानं ओरडायचा. स्वयंपाकघरातून आई ज्या वेगानं बाहेर यायची, तो वेग आम्ही एरवी कधी पाहिला नाही. आत कुठं तरी त्या नावाखाली लिहिलेलं सगळं शाबूत होतं, हाकेची वाट बघत. मामा गेल्यावर ती हाक थांबली. ते नाव आता तिच्या शाळेच्या दाखल्यावर आहे, आणि दाखला कपाटात.

माझ्या लग्नात मी नाव बदललं नाही. कुणाचा अवमान करायचा म्हणून नाही. नाव बदललं की मागं काय काय राहून जातं, ते मी पडद्यावर पाहिलं होतं.

पुढं मी अंबरनाथला एमआयडीसीतल्या कारखान्यांची कामं करू लागले. त्यातल्या एका ठिकाणी वजनकाट्याचा आणि गेटपासचा प्रोग्राम होता, तोही माझाच, व्हिज्युअल बेसिकमधला, वर्षानुवर्षं विनातक्रार चाललेला. गाडी काट्यावर उभी राहिली की वजन तारेनं थेट फॉर्मात यायचं. बाकी गाडीचा नंबर, मालक, चालक, माल, चलन क्रमांक हे कारकुनानं भरायचं. नावांच्या बाबतीत मी तो फॉर्म नमुन्यादाखल कुणालाही दाखवला असता. एकही टेक्स्ट१ नाही. सगळं नीट.

तिथं एक नवा तरुण कामाला लागला. त्याला दिसत नव्हतं. तो लोकलनं एकटा यायचा, काठी घेऊन, स्टेशनबाहेरून शेअर रिक्षा धरून. संगणकावर त्यानं एनव्हीडीए चढवून घेतलं होतं. पडद्यावरचं वाचून दाखवणारा हा मोफत प्रोग्राम मायकेल करन या ऑस्ट्रेलियन तरुणानं २००६ साली लिहायला घेतला. तो स्वतःही दृष्टिहीन. गेटपासवर महिन्याभरात हा मुलगा जुन्या कारकुनापेक्षा भराभर काम करू लागला. कसं, ते मी कधी विचारलं नाही. माझा फॉर्म चांगला आहे म्हणून, असंच मी धरून चालले होते.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. गेटपासवर जीएसटी क्रमांक हवा, म्हणून मी मालकाच्या नावाखाली एक चौकट वाढवली. दोन दिवसांनी फोन आला. नोंदी चुकतायत. चालकाच्या जागी माल, मालाच्या जागी चलन. ऑफिसात कुणी तरी म्हणालंही, की त्या मुलाला हे काम द्यायलाच नको होतं.

मी गेले. तो गप्प बसला होता. मी म्हटलं, “तुम्ही कसं भरता ते मला ऐकायचंय.” मी पडदा बंद केला आणि त्याच्या शेजारी बसून हेडफोनची एक बाजू कानाला लावली.

टॅब. एडिट. टॅब. एडिट. टॅब. एडिट. टॅब. बटन. टॅब. बटन.

माझ्या त्या नीटस फॉर्मातून त्याला एवढंच ऐकू येत होतं. बटणांवर मराठी होतं, ते तर आणखी वाईट. व्हिज्युअल बेसिकच्या त्या बटणांना युनिकोड कळत नसे, म्हणून आम्ही मराठी दिसावं यासाठी खास फॉन्ट वापरायचो. आत रोमन अक्षरं, वरून देवनागरीचं चित्र. डोळ्याला “जतन करा” दिसायचं. यंत्र आतली रोमन अक्षरं वाचायचं, आणि त्यातून कुठल्याच भाषेचा शब्द होत नसे.

“मग तुम्ही ओळखता कसं?”

“मोजून, ताई. पहिलं एडिट गाडी. दुसरं मालक. तिसरं चालक. पाचव्यानंतर दोन बटणं, पहिलं जतन. परवापासून मोजणी जुळत नाही.”

माझ्या चौकटींना त्यानं स्वतःच आकडे दिले होते. टेक्स्ट१, टेक्स्ट२, टेक्स्ट३. सोळा वर्षांपूर्वी कॅम्प ५ मध्ये मी जे पुसून टाकलं होतं, ते त्याला पुन्हा पहिल्यापासून तयार करावं लागलं होतं, कारण मी दिलेली नावं माझ्यापाशी होती आणि पाट्या फक्त दिसणाऱ्यांसाठी होत्या. त्याच्या वाट्याला दोन्हींतलं काहीच आलं नव्हतं.

असं का झालं, ते मी त्या आठवड्यात शोधून काढलं. विंडोजमध्ये पडद्यावरची बहुतेक प्रत्येक वस्तू ही एक छोटी खिडकीच असते. तिला यंत्र दर वेळी नवा हातखुणेचा आकडा देतं, लोकलमधल्या जागेसारखा, आज हा तर उद्या तो. शिवाय तिचा एक कायमचा आकडाही असतो, रेशनकार्डासारखा. “ओके” चा १, “कॅन्सल” चा २, असे काही सगळीकडे सारखे. आणि नुसती लेबलं, ज्यांना प्रोग्राम कधी हाक मारणार नाही, अशा सगळ्यांना मिळून एकच आकडा द्यायची रीत आहे, उणे १. ज्याच्याशी काम नाही तो उणे १. पण वाचून दाखवणारं यंत्र चौकटीपाशी येतं तेव्हा तिचं नाव कळावं म्हणून तिच्या आधीच्या लेबलाकडे बघतं. त्या उणे एकाकडे. चौकटीला नाव मिळतं ते शेजारच्या बिननावाच्या लेबलामुळे.

व्हिज्युअल बेसिक सिक्सचं लेबल मात्र खिडकी नसतंच. जागा वाचावी, वेग यावा म्हणून ते फॉर्मवर नुसतं रंगवलेलं असतं, भिंतीवरच्या जाहिरातीसारखं. दिसतं, पण यंत्राच्या वहीत त्याची नोंद नाही. चौकट मात्र खरी खिडकी असते. यंत्राच्या वहीत तिची जात लिहिलेली असते ती “थंडर” शब्दानं सुरू होणारी. १९९१ साली पहिलं व्हिज्युअल बेसिक तयार होत असताना त्याचं घरातलं नाव थंडर होतं. बाजारात पाटी वेगळी लागली, आत ते नाव शेवटपर्यंत राहिलं. तर या थंडरच्या चौकटीनं शेजारी पाहिलं आणि तिला कुणीच भेटलं नाही. म्हणून ती म्हणत राहिली, एडिट.

त्या रविवारी मी अंबरनाथच्या शिवमंदिरात गेले. वालधुनीच्या काठचं हे देऊळ शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं. उत्तरेकडच्या दारावरच्या शिलालेखात शिलाहार राजा माम्वाणीचं नाव येतं. गर्भगृहात जायला पायऱ्या उतराव्या लागतात, आणि खाली गेल्यावर एकदम गार वाटतं. मी बाहेरच्या भिंतींपाशीच जास्त वेळ होते. इतक्या मूर्ती, आणि कुणाच्याही पायाशी पाटी नाही. तरी ओळखणारा ओळखतो. हातात त्रिशूळ कुणाच्या, अक्षमाला कुणाच्या, पायाशी वाहन कोणतं. नाव लिहिलं नसलं तरी घडवणाऱ्यानं ओळख हातात देऊन ठेवली आहे.

तिथं मला आजोबांची संध्या आठवली. केशव, नारायण, माधव, गोविंद, अशी विष्णूची चोवीस नावं ते रोज घ्यायचे. ते एकदा म्हणाले होते, या चोवीसही मूर्तींच्या हातांत शंख, चक्र, गदा, पद्म हेच चार असतात. कुठल्या हातात काय, एवढाच फरक. चार वस्तूंच्या मांडणीचे चोवीसच प्रकार होतात, म्हणून नावं चोवीस. नुसत्या क्रमावरून देव ओळखायचा! लहानपणी मला ते नवल वाटलं होतं. आता, त्या काळ्या दगडासमोर, मला तो मुलगा दिसला, क्रमावरून चौकटी ओळखणारा. त्याची पद्धत हजार वर्षं जुनी होती आणि तिच्यात काहीच चुकीचं नव्हतं. मूर्तिकारानं मात्र चार हातांच्या मध्ये पाचवा हात कधी घुसडला नाही. मी घुसडला होता, आणि ज्याला सांगायला हवं त्याला सांगितलं नव्हतं.

मी फॉर्म नव्यानं लिहायचं ठरवलं, सी शार्पमध्ये. तिथं मराठी खरी मराठी असते, लेबल खरी खिडकी असतं, आणि प्रत्येक वस्तूला नेम आणि पाटीशिवाय आणखी एक जागा असते, ऐकू जाणाऱ्या नावाची. अॅक्सेसिबल नेम. ती मी आजवर रिकामी सोडत आले होते. या वेळी मी त्याला विचारून भरायचं ठरवलं. आम्ही दोघं दोन दुपारी बसलो. मी लिहायचे, तो ऐकायचा.

पहिल्याच बटणाला मी नाव दिलं “जतन बटण”. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, “ताई, बटण आहे हे ते स्वतःच सांगतं. आता ‘जतन बटण बटन’ असं येतंय. नुसतं जतन लिहा.” मी खोडलं. इतकी वर्षं मी जी आडनावं लावत होते, टीएक्सटी आणि सीएमडी, त्यांची त्याला गरज नव्हती. जात त्याला आधीच कळत होती.

मग चौकटी. गाडीचा नंबर. गाडीचा मालक. गाडीचा चालक. हे तर मला अगदी बिनचूक वाटलं. तो दोनतीनदा टॅब मारत मागंपुढं गेला. मग थोडं संकोचून म्हणाला, “मी पूर्ण ऐकत नाही, ताई. पहिलं अक्षर आलं की कळलं तर पुढं जातो. तसं नाही केलं तर गाड्यांची रांग लागते. इथं तिन्ही वेळा ‘गाडीचा’ संपेपर्यंत थांबावं लागतंय. नंबर गाडीचा, मालक गाडीचा, चालक गाडीचा, असं चालेल का?”

मी लिहिलं. नंबर गाडीचा. मालक गाडीचा. चालक गाडीचा. वजनांना हात लावावा लागला नाही. भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, तिथं वेगळा शब्द मुळातच पुढं होता. आपल्या भाषेत वस्तूचा धनी आधी येतो आणि वस्तू मागून, हे मी कधी लक्षात घेतलंच नव्हतं. कागदावर डोळा एकदम ओळीच्या शेवटी उडी मारतो, त्यामुळे काही अडत नाही. कानाला उडी मारता येत नाही. त्यानं क्रम उलटा केला आणि ती यादी मोठ्यानं म्हणताना ओवीसारखी लागू लागली. ऑफिसातले इतरही पुढं तसंच बोलू लागले. फोनवर कुणी तरी ओरडायचं, “नंबर गाडीचा सांगा!”

दुसऱ्या दुपारी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटाच गेला. मी पडदा बंदच ठेवला होता. नंबर गाडीचा, एडिट. मालक गाडीचा, एडिट. जीएसटी, एडिट. चालक गाडीचा, एडिट. यंत्राची मराठी कोरडी, पण स्पष्ट. चलन, एडिट. जतन, बटन. छपाई, बटन.

आणि मग: बटन.

तो थांबला. मागं गेला, पुन्हा पुढं आला. बटन.

“हे कुठलं, ताई?”

मला क्षणभर आठवेना. मग आठवलं. कोपऱ्यातलं छोटं बटण, फॉर्म कोरा करणारं. त्यावर फक्त खोडरबराचं चित्र होतं. पाटी नव्हती, कारण चित्रावरून कळतं.

“फॉर्म पुसायचं आहे ते,” मी म्हटलं.

“याला तुमच्याकडे नाव आहे?”

“आहे. बीटीएन-पुसा.”

तो मान वळवून माझ्या आवाजाच्या दिशेनं बघत राहिला. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं. फक्त मला सांगायचं राहिलं.”

मी पडदा लावला, रिकाम्या जागी “पुसा” लिहिलं, आणि फॉर्म परत चालू करून त्याच्याकडे दिला. त्यानं पहिल्यापासून टॅब मारत यायला सुरुवात केली. बाहेर काट्यावर एक ट्रक येऊन उभा राहिला होता आणि चालक खिडकीशी येऊन नंबर सांगत होता. त्यानं हातानं त्याला जरा थांबायची खूण केली, शेवटचा टॅब मारला, आणि दोघांनीही ऐकलं: पुसा, बटन.

“हं,” तो म्हणाला, आणि खिडकीकडे वळला. “बोला. नंबर गाडीचा?”